‘सलामती’वर कोण होतं?

जुम्म्याची नमाज पढून तय्यब अल मजाजच्या फ्लॅटवर परतला, तेव्हा दुबईच्या करामातली मंडळी येऊन बसली होती. दुबईहून शारजाला यायला शुक्रवारीसुद्धा तास मोडतो, म्हणून ही मंडळी एरवी ताटं वाढली की उगवत. आज मात्र सगळे वेळेआधी. नोमाननं तर चक्क इस्त्रीचा कुर्ता घातला होता. त्याचा आणि तय्यबच्या फिझाचा निकाह ठरून दोन महिने झाले होते. आज फक्त तारीख पक्की करायची आणि साखर वाटायची होती.

तय्यबला हे लग्न फार हवं होतं. नोमान हा त्याच्या चुलतबहिणीचा, नूरजहाँचा मुलगा, म्हणजे मोठे चुलते याकूब यांचा नातू. तय्यबचे वडील दाऊद पंचावन्न वर्षांपूर्वी मोंबासाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. तय्यब तेव्हा वर्षाचा होता. याकूबना तो बडे अब्बा म्हणायचा. त्यांनीच त्याला वाढवलं, एकसष्ट साली शारजाला आणलं, बंदरावर चिकटवलं. सख्ख्या बापानं जेवढं केलं असतं त्याहून बोटभर जास्तच केलं. ते सत्त्याऐंशी साली इथंच वारले, तेव्हा कबरीत तय्यब उतरला होता. ज्या माणसाचे उपकार फिटत नाहीत त्याच्या घरात मुलगी द्यावी, यापरतं समाधान नाही, असं तो बायकोला, शहनाझला, गेला महिनाभर ऐकवत होता.

“तय्यबभाई, आता हॉल बुक करायला पाहिजे,” नूरजहाँ म्हणाली. “मे महिन्यात सगळे इंडियाला पळतात. एप्रिल एंड धरा, खलास.”

“आधी जेवून घ्या. उपाशीपोटी तारखा ठरवल्या की भांडणं होतात.”

“आपल्याकडे जेवल्यावरही होतात,” नोमान म्हणाला आणि सगळे हसले. दोन म्हाताऱ्याही हसल्या. खिडकीशी, खालिद लगून दिसेल अशा खुर्चीवर तय्यबची आई हव्वाबी बसली होती, आणि समोर दिवाणावर तिची मोठी जाऊ मरियमबी. एक पंच्याहत्तर, दुसरी अठ्ठ्याहत्तर. मरियमबी बारा वर्षांची विधवा. हव्वाबी मात्र काहीच नव्हती, ना सधवा ना विधवा.

जेवणं झाली. सांदणांची परात मध्ये आली. तेवढ्यात फिझा आतून जाड खाकी पाकीट घेऊन धावत आली.

“एक मिनिट! सगळ्यांनी थांबा. हे मी दादीला निकाहाच्या दिवशी देणार होते, पण मला राहवत नाहीये.”

“काय आहे?” हव्वाबीनं विचारलं.

“तुझी बोट, दादी. ‘सलामती’!”

फिझा दुबईत एका फ्रेट कंपनीत कामाला होती. ऑफिसच्या ईमेलवरून तिनं इंग्लंडमधल्या एका जुन्या नोंदींच्या कचेरीला लिहिलं होतं. लहानपणापासून तिनं ‘सलामती’ची गोष्ट ऐकली होती आणि तिला ती अलीबाबासारखी पाठ होती. पणजोबा हसनमियां होडेकरांनी मुंबईच्या एका पारशाकडून अडतीस साली घेतलेला ट्रॉलर. दाभोळ खाडीत तेव्हा एवढी मोठी इंजिनाची बोट कुणाकडे नव्हती, लोक बघायला यायचे. मग बेचाळीस साली दर्यावर लढाई आली. आरमाराचा एक साहेब जेट्टीवर उतरला, बोट सरकारजमा झाल्याची चिठ्ठी हसनमियांच्या हातात दिली आणि तांडेल-खलाशांसकट बोट मुंबईला घेऊन गेला. तिला करडा रंग फासला, नाळेवर, पुढच्या टोकाला, तोफ बसवली, नावाच्या जागी नंबर घातला. जाळं ओढायचा रहाट तोच. पण आता त्याला पोलादी तार बांधली, आणि ती तार बंदराबाहेर पाण्यातून फिरवून शत्रूचे सुरुंग कापायचे. माशांऐवजी सुरुंग, काम मात्र तेच. म्हणून तर कोळी आणि दालदी मच्छीमारांच्या बोटी हव्या होत्या. त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात एका सुरुंगानं ‘सलामती’लाच धरलं. कुणीही वाचलं नाही. बोटीचे तांडेल याकूब नशिबानं रजेवर घरी होते.

“हा बघ फोटो.” फिझानं झेरॉक्स काढली. तोफवाली बोट धुरकट दिसत होती. हव्वाबीनं ती चष्म्याशी नेऊन धरली.

“आणि हे पत्र. कसली गंमत आहे माहितीये? आय मीन, दे मेस्ड अप! बुडालेल्या माणसांची लिस्ट पाठवलीय. नऊ नावं. पहिलंच नाव ऐका, ‘याकूब हसनमियां होडेकर, तांडेल’.” फिझा हसायला लागली. “बडे दादांना त्यांनी फॉर्टी-थ्रीमध्येच मारून टाकलं! आणि ते इथं एटी-सेव्हनपर्यंत मला चॉकलेट आणून देत होते.”

“सरकारी काम,” तय्यब म्हणाला. “इंग्रजांचं असलं तरी सरकारीच.”

नोमान हसला. नूरजहाँही हसली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की मरियमबी हसत नाहीये. तिच्या हातातलं सांदण तसंच होतं.

हव्वाबीनं झेरॉक्स मांडीवर ठेवली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण जन्म खलाशांच्या घरात गेला होता, आणि खलाशी कोणत्या वाटेनं कामावर जातात हे तिला सांगायला पुस्तक लागत नव्हतं.

“भाबी,” ती म्हणाली, “‘सलामती’वर कोण होतं?”

*

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं मरियमबीची सासू म्हणायची. तीच सासू कोंबडं झाकणाऱ्यांत पुढं होती. सासू गेली, सासरा गेला, नवरा गेला. झाकलेली टोपली सांभाळायला मरियमबी एकटी उरली होती. नवरा दफन झाला त्या दिवशी तिला वाटलं होतं, आता सांगून टाकावं. पण तय्यब कबरीवर हमसून हमसून रडत होता. त्याच्यापासून दोन बाप एकाच दिवशी कसे काढून घ्यायचे?

“हव्वा, आतल्या खोलीत चल. तुला एकटीला सांगते.”

“एकटीला खूप सांगून झालं. इथंच सांगा.”

“नानी, काय झालं?” नोमाननं विचारलं.

मरियमबीनं सांदण परातीत ठेवलं, पदरानं बोटं पुसली.

“दाऊद होता,” ती म्हणाली. “याकूबच्या नल्लीवर गेला होता.”

फिझालाच तेवढं कळलं नाही. “नल्ली म्हणजे?”

“खलाशाचं पुस्तक,” तय्यब म्हणाला. “नाव, अंगठा, नोकरीचे शिक्के. त्याशिवाय बोटीवर घेत नसत. भावाची नल्ली भाऊ वापरायचा, चुलत्याची पुतण्या. आजारी असला, लग्न असलं, की दुसरा जायचा. सगळ्या कोकणात चालायचं.”

“साहेबाला सगळ्या दाढ्या सारख्याच,” मरियमबी म्हणाली. “याकूबची रजा संपत आली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईला निघायचं, आणि मी अडलेली. दोन दिवस कळा देत होते. त्याआधी दोन मुलं जन्मतानाच गेली होती. सुईण म्हणाली, ही वाचत नाही. वेळेवर हजर झाला नाही तर लढाईच्या दिवसांत पकडून नेतात, तुरुंगात घालतात. तेव्हा दाऊद दारात आला. मला दारातून दिसला. म्हणाला, ‘भाबी, भाईला थांबू दे. मी एक फेरी मारून येतो. आठ दिवसांची तर गोष्ट.’”

“मला म्हणाले होते, मोंबासाच्या आगबोटीवर जागा मिळते का बघतो,” हव्वाबी म्हणाली.

“तुला ‘सलामती’ सांगितली असती तर तू सोडलं असतंस का? तुझा बाप बुडताबुडता वाचलेला. तू त्याला शपथ घातली होतीस.”

“पुढं.”

“नूरजहाँ झाली. जगली. आणि सहाव्या दिवशी बोट गेली. सरकारचा कागद आला, ‘याकूब होडेकर बुडाला.’ आणि याकूब तर पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेला. सासरे म्हणाले, आता हा दिसला तर फासावर देतील. लढाईतून पळालेला माणूस. कागद चुलीत घातला. त्याच रात्री याकूबला खजुराच्या गलबतावर चढवलं, या बाजूला पाठवलं. चार वर्षं त्यानं तोंड दाखवलं नाही. इंग्रज गेले, नवीन कागद झाले, मग भीती गेली.”

“भीती गेली,” तय्यब म्हणाला. “मग का नाही सांगितलं?”

मरियमबी हव्वाबीकडे वळली.

“आम्ही खोटं नव्हतो बोललो,” ती म्हणाली. “सासऱ्यांनी तुझ्या बापाला सांगितलं, बुडालेल्यांच्या यादीत दाऊदचं नाव नाही. नव्हतंच.”

*

मग घर फुटलं. ते कसं फुटलं हे पाहण्यासारखं होतं, कारण एका बाजूला दाऊदचे आणि दुसरीकडे याकूबचे, असं काही सरळ झालं नाही.

“हा निकाह होणार नाही,” तय्यब उभा राहून म्हणाला. “ज्या घरानं माझ्या बापाचं मरण लपवलं त्या घरात माझी मुलगी जाणार नाही.”

“तय्यबभाई, आवाज खाली!” नूरजहाँ आईपुढे जाऊन उभी राहिली. “माझी आई तेव्हा बावीस वर्षांची. सासरा म्हणेल ते. अब्बांना फाशी झाली असती तर तुम्हाला इथं आणलं कुणी असतं? कुणाच्या जिवावर हा फ्लॅट उभा आहे?”

“नूर, उपकार मोजू नकोस!”

“अम्मी, प्लीज. स्टॉप,” नोमान म्हणाला. “ते बरोबर बोलतायत. नानांनी सांगायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं ते रोज दादींच्या समोर जेवायला बसत होते.”

“तू माझा मुलगा की त्यांचा?”

“मी फक्त खरं बोलतोय.”

“बाबा,” फिझा म्हणाली, “यू कान्ट पनिश नोमान फॉर धिस. आणि हे सगळं माझ्यामुळं झालंय. मी ते पाकीट उघडायलाच नको होतं.”

“तू नसतं उघडलंस तर माझी आई सवाष्ण मेली असती!”

नूरजहाँ एकदम खाली बसली. भांडणाच्या भरात तिला उशिरा उमगलं होतं.

“म्हणजे मी,” ती म्हणाली. “मी जन्मत होते म्हणून चाचाजान गेले.” पंचावन्न वर्षांची, दोन मुलांची आई असलेली बाई लहान मुलीसारखी रडायला लागली. तय्यब तिच्यावर धावून गेला होता खरा, पण ती रडली तसा त्याचा हात तिच्या डोक्यावर गेला. ती त्याची एकुलती बहीण होती. एका खाटेवर वाढली होती दोघं. त्याला राग धरायला माणूस सापडेना. ज्याच्यावर धरायचा त्याला त्यानं स्वतःच्या हातानं माती दिली होती.

“तुझ्यामुळं नाही गं,” तो म्हणाला. “तू काय, अजून जन्मलीही नव्हतीस.”

*

हव्वाबीला हे सगळं ऐकू येत होतं, पण दुरून. ती मोंबासाच्या बाईचा विचार करत होती.

ती बाई हव्वाबीनं स्वतः घडवली होती. उंच, काळी, हसरी, चार मुलांची आई. दाऊद तिच्या ओट्यावर बसून मासळी साफ करतो. पहिली दोनतीन वर्षं हव्वाबीनं खाडीकडे डोळे लावले. मग बाप दोनदा न्यायला आला. बाणकोटचं स्थळ होतं, माणूस भला होता, तय्यबलाही घ्यायला तयार होता. काझीनं विचारलं, दाऊद मेल्याचा साक्षीदार कोण? सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. आपण शाफई पंथाचे, मौत पक्की कळल्याशिवाय दुसरा निकाह नाही, काझी म्हणाला. याकूब त्याच वर्षी परतला होता. तो तिथंच, त्याच ओट्यावर, मान खाली घालून बसलेला होता. बाप परत गेला, आणि त्या दिवसापासून ती बाई आली. रोज रात्री हव्वाबीनं तिला आणि दाऊदला शिव्या घातल्या. तुझं तारू बुडो, तुझ्या पोरांना तुझं तोंड न दिसो. मुलगा मोठा झाला तशा शिव्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. गेल्या रमजानातसुद्धा एकदा.

“भाबी,” ती म्हणाली. “बाणकोटचा माणूस आला होता तेव्हा याकूबभाई बसले होते ना तिथं?”

“होते.”

“तुम्ही चहा आणला होतात.”

“हो.”

“बोट नेली तेव्हा सरकारनं चिठ्ठी तरी दिली होती. अमुक बोट, अमुक कामाला नेली. मला तुमच्या घरानं विनाचिठ्ठी नेलं.” तिचा आवाज चढला नाही. “तेही सोडते. बाणकोटला मी सुखी झाले असते की नाही, अल्लाला माहीत. पण मी त्यांना शिव्या घातल्या, भाबी. पंचावन्न वर्षं. भावासाठी पाण्यात गेलेला माणूस, आणि मी त्याला म्हणत होते तुझं तारू बुडो. मेलेल्या माणसाला शिव्या घालायला लावल्यात तुम्ही मला.”

मरियमबी दिवाणावरून उठली. गुडघे धरत, हव्वाबीच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. थोरली जाऊ धाकटीच्या पायाशी. नूरजहाँ आईला उचलायला पुढं झाली, पण नोमाननं तिला धरलं.

“माफ कर, हव्वा.”

हव्वाबी तय्यबकडे वळली. “असरच्या नमाजेला किती वेळ आहे?”

“अर्धा तास.”

“मौलवींना फोन कर. विचार, इतक्या वर्षांनी जनाजाची नमाज होते का.”

तय्यबनं रत्नागिरीच्या एका मौलवींना फोन लावला, ते शारजातच, रोल्याला राहत. मौलवी म्हणाले, होते. शेजारचे हनफी पंथाचे लोक पढणार नाहीत, पण आपल्यात गैरहजर मय्यतीची नमाज आहे, घरात पढा. आणि विधवेनं घरात बसायच्या चार महिने दहा दिवसांचं, हव्वाबीच्या इद्दतीचं, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, इद्दत मौतीच्या दिवसापासून धरतात, ती कधीच सरली. आता काही बंधन नाही.

असर झाली. दिवाणखान्यातली टेबलं सरकवली, चादर अंथरली. तय्यब पुढं उभा राहिला. त्याच्या मागं नोमान एकटा. त्याच्या मागं बायका. मय्यत नव्हती, ताबूत नव्हता. समोर भिंत होती आणि खिडकीपलीकडे लगूनचं पाणी. मरियमबी बायकांच्या रांगेत येऊन उभी राहू लागली.

“भाबी, तुम्ही नको,” हव्वाबी म्हणाली.

मरियमबी मागं सरली, दिवाणावर जाऊन बसली. चार तकबीर झाल्या. तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ करतात. तय्यबला तिथं थांबावं लागलं. बापाचं नाव त्यानं आयुष्यभर जिवंतांच्या दुआत घेतलं होतं, आणि आता जीभ वळेना. नोमाननं मागून हलकेच पहिला शब्द सांगितला, तेव्हा त्यानं पुढं म्हटलं. सलाम फिरवून तो वळला, तर त्याचा होणारा जावई रडत होता. तय्यबनं त्याला छातीशी धरलं. निकाह मोडला नव्हता हे फिझाला समजलं.

“एप्रिल नाही,” हव्वाबी म्हणाली. “चार महिने दहा दिवसांनी तारीख धरा. मी इद्दतीत बसते.”

“पण दादी, मौलवी म्हणाले ना, इट्स ऑलरेडी ओव्हर,” फिझा म्हणाली.

“त्यांच्या हिशेबानं सरली असेल. मला आज कळलं, माझी आज असरपासून.”

शहनाझनं मधली खोली रिकामी करायला घेतली. नूरजहाँनं डोळे पुसले, पर्स उचलली, आईची चप्पल दाराशी आणून ठेवली. मरियमबी उठली. ती जावेकडे बघत नव्हती.

“चलते, हव्वा.”

“कुठं?”

“करामाला.”

“इद्दतीतल्या बाईजवळ एक बाई बसावी लागते,” हव्वाबी म्हणाली. “शहनाझला घर आहे, फिझाला ऑफिस आहे. खरे कुठं चाललेत ते माहीत असून त्यांना तुम्ही बघितलंत, भाबी. मी नाही. दारात उभे होते तेव्हा अंगावर काय होतं, चेहरा कसा होता, जाताना मागं बघितलं का. सगळं मला पाहिजे. एका दिवसात सांगून संपायचं नाही ते.”

“आणि माफी?”

“ती मागू नका. सांगत राहा.”

मरियमबीनं दाराशी ठेवलेली चप्पल बाजूला सारली. मग तिनं नूरजहाँला सांगितलं, गाडी काढू नकोस, दोन जोडी कपडे तेवढे पाठवून दे. आणि ती मधल्या खोलीत गेली.